एक थेंब कृष्णेला, एक पाताळाला

आमच्या नातीच्या पुस्तकात जपानमधल्या मात्सुयामा नावाच्या शहराचं चित्र आहे. मधोमध टेकडी आणि तिच्यावर कातो योशिआकी नावाच्या सरदारानं 1602 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला. जवळच इशिते-जी हे देऊळ. आणि दोगो नावाचं गरम पाण्याचं स्नानगृह, ज्याची आजची लाकडी इमारत 1894 ची आहे. ते पाहून पोरीनं विचारलं, "आजोबा, किल्ला, देऊळ आणि गरम पाणी, तिन्ही एका गावात! आपल्या साताऱ्याला किल्ले आहेत, देवळं आहेत. मग गरम पाणी कुठं गेलं?"

प्रश्न फक्कड आहे. तर बसा लेकरांनो, सांगतो. ही गोष्ट दोन थेंबांची आहे.

फार पूर्वी, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडं जमीन फाटायची आणि भेगांमधून तापलेला पातळ लाव्हा बाहेर यायचा. शंकूसारखा डोंगर नाही, धडाडधूम नाही, नुसता पूर. एक पूर थिजला की काही काळानं त्याच्यावर दुसरा. मधल्या काळात वरचा खडक उन्हापावसानं कुजून लाल माती व्हायची, मग तीही पुढच्या लाव्ह्याखाली भाजून निघायची. घाटातून जाताना काळ्या कड्यात मधेच विटकरी पट्टा दिसतो ना? तो हा. अजिंक्यताऱ्याचा ताशीव कडा, वासोट्याचा काळजात धडकी भरवणारा बाबुकडा, प्रतापगडाची माची ही सगळी त्या थरांची करामत. 1656 च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं मोरोपंत पिंगळ्यांनी प्रतापगड उभारला, पण निम्मा तट निसर्गानं आधीच बांधून ठेवला होता. सांगलीकरांना ती सोय नव्हती. तिथं सपाट जमीन, म्हणून गणेशदुर्गाभोवती खंदक खणावा लागला. देवळाला मात्र सांगलीतही काळा पाषाणच लागला. चिंतामणराव पटवर्धनांचं गणपतीचं देऊळ पाहा.

आता आपले दोन थेंब. भावंडंच म्हणा. आषाढात एका ढगातून दोघे महाबळेश्वरावर पडले. तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळं सोबतीला गर्दी काही कमी नव्हती.

थोरला थेंब जांभ्यात शिरला. महाबळेश्वराच्या माथ्यावर या तांबड्या, भोकाभोकांच्या खडकाची टोपी आहे. तिच्यात पाणी झरझर मुरतं. पण खाली चिकणमातीचा थर लागतो, त्याखाली घट्ट काळा खडक. थोरला तिथं अडला, आडवा सरकला आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडला. तिथंच आहे पंचगंगेचं देऊळ. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री या पाच नद्यांची धार तिथं गोमुखातून पडते. ओंजळ धरा, बोटं गारठतात. कारण थोरला जमिनीत राहिला थोडा वेळ आणि गेला थोडा खोल. मग तो कृष्णेतून वाई, कराड, सांगली करत निघाला. अरबी समुद्र तिथून जेमतेम 64 किलोमीटर, पण ही बाई त्याला पाठ दाखवून बंगालच्या उपसागराकडं जाते, सुमारे 1,400 किलोमीटर! हट्टीपणा म्हणतात तो हा.

धाकटा जरा आतल्या गाठीचा. त्याला काळ्या खडकात एक भेग सापडली आणि तो खालीच निघाला.

थोडं खाली गेल्यावर त्याला नवल वाटलं. वर उन्हाळा होवो की थंडी, इथं ऊब सारखीच. लिंबची बारामोटेची विहीर पाहिलीत ना? 1719 ते 1724 च्या दरम्यान वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली, 110 फूट खोल. तिचं पाणी वैशाखात गार लागतं आणि पौषात कोमट. पाणी बदलत नाही, आपलं अंग बदलतं. जमिनीखाली काही मीटरवर त्या गावाची वर्षभराची सरासरी मुक्कामाला असते. साताऱ्याकडं ती 25 अंशांच्या आसपास.

धाकटा मात्र विहिरीच्या तळाशी थांबणारा नव्हता. तो आणखी खाली गेला आणि उष्मा वाढू लागला. पृथ्वीच्या पोटात तिच्या जन्माच्या वेळची धग अजून आहे, आणि खडकांतलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम हळूहळू विघटित होत तीत भर घालतं. म्हणून किलोमीटरभर खाली गेलं की तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी चढतं. जगात बहुतेक ठिकाणी असंच.

खाली किती काळा खडक आहे, तेही मोजलंय बरं का. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा साताऱ्यात आम्ही अंगणात धावत आलो होतो. धरणाच्या पाण्याचा भार आणि भेगांत मुरलेलं पाणी यांनी जुने खडक सरकले, असं शास्त्रज्ञ म्हणतात. ते कोडं सोडवायला कराडला खास प्रयोगशाळा निघाली आणि कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. 1,247 मीटरपर्यंत लाव्ह्याचे थर लागले, त्याखाली ग्रॅनाइट. एवढ्या सगळ्या दगडात भेगा असतात आणि त्यांत पाणी फिरतं, हे आपल्या धाकट्याला मात्र आधीच ठाऊक होतं.

आता तो तापला, हलका झाला, पण वर कसा येणार? गवंडी लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो ना, तिचं एक टोक उंच धरलं की दुसऱ्या टोकातून पाणी उसळतं. इथं उंच टोक सह्याद्रीच्या माथ्यावर, हजार-चौदाशे मीटरांवर. खालचं टोक कोकणात. आणि कोकणात तर वाटा तयारच होत्या. लाव्ह्याचे पूर ओसरत असतानाच भारताच्या पश्चिमेचा भूभाग तुटून समुद्रात सरकला. आजची सेशेल्स बेटं हा त्याचाच तुकडा. त्या ओढाताणीत किनाऱ्याला समांतर अशा खोल चिरा पडल्या. म्हणूनच वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत गरम झऱ्यांची रांगच रांग आहे. देशावर, आपल्या बाजूला, ना असा उतार ना अशा चिरा. नातीच्या प्रश्नाचं उत्तर हे. आपलं पाणी घाट उतरून कोकणात गरम होऊन निघतं.

सावित्रीकाठी, महाडजवळ, सव नावाचं गाव आहे. तिथं गरम झरे आहेत. पंचगंगेच्या देवळातली गार सावित्री तीच, तिच्या काठी गरम पाणी! सांगली-कराडकरांना त्याहून सोयीचा रस्ता पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, मग गोवा महामार्गानं आरवली, तुरळ, राजवाडी. राजवाडीला सोमेश्वराचं देऊळ आणि शेजारी गरम कुंड. तुरळचं पाणी 60 अंशांच्या घरात. गणित तुम्हीच करा: 25 अंशांपासून 60 पर्यंत जायला किती खोल? साधारण सव्वा किलोमीटर. वर येताना थोडी ऊब वाटेत सांडते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही खोल.

"पण तिथं ज्वालामुखी असेल!" असं म्हणणारे मोठे लोकही भेटतात. नाही. आपला ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी विझला, त्याची धग कधीच निवाली. पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या प्रकारांवरून ते पावसाचंच असल्याचं कळतं. त्यातल्या बुडबुड्यांत हेलियमही सापडतो. तो युरेनियम-थोरियमच्या विघटनातून जन्मतो, म्हणजे पाणी खूप खोल खडकांना भेटून आलंय. गंमत सांगू? ज्वालामुखींच्या देशातलं ते दोगोसुद्धा ज्वालामुखीवर चालत नाही. तिथंही ग्रॅनाइटच्या चिरांतून पाणी तापून येतं. मात्सुयामा आणि तुरळ, दोघांची भट्टी एकच.

मात्र एक फरक मला खुपतो. जपान्यांनी 1948 मध्ये गरम झऱ्यांसाठी कायदा केला. 25 अंश किंवा त्याहून गरम पाणी जमिनीतून आलं की ते या कायद्यात येतं, त्याची तपासणी होते. आपल्या कुंडांत साबणाचा फेस आणि प्लास्टिकच्या पुड्या तरंगताना मी पाहिल्यात. देवाचं पाणी म्हणून डोकं टेकायचं आणि तिथंच कपडे धुवायचे, हे काही खरं नाही.

सुट्टीत जाल तेव्हा एक साधा तापमापक बरोबर घ्या. पंचगंगेला मोजा, लिंबला मोजा, तुरळला मोजा, आणि आकडे वहीत लिहा. कोकणातल्याच उन्हवऱ्याच्या झऱ्याला गेलात तर तिथलं पाणी 70 अंशांपर्यंत असतं, हात घालू नका, भाजेल. साबण घरी ठेवा.