आधी पावती, मग पिशवी

भवानी होण्याआधी दुकानात पैसे मागायला जायचं नाही, हा पिग्मीच्या, म्हणजे दारोदार फिरून रोजची छोटी ठेव गोळा करण्याच्या, कामातला पहिला धडा. तो कुठल्याही नियमावलीत छापलेला नसतो; पेठेतच शिकावा लागतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत दिवसभर थांबलं, की हे वेळापत्रक उलगडत जातं. चहाच्या गाड्यावर एजंट येतो तो सकाळची गर्दी ओसरल्यावर. किराणा दुकानात दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना. कापडवाल्याकडे संध्याकाळी, पण दिवेलागणीच्या आत, कारण तिन्हीसांजेला गल्ल्यातली लक्ष्मी बाहेर द्यायची नाही असं अनेक घरांत अजून पाळतात. सलूनवाल्याची कमाई रविवारची आणि सुट्टी सोमवारची, हेही त्याला पाठ असतं.

गाडीवरून उतरायचं, पैसे घ्यायचे, दुकानदारासमोर मोजायचे, छोट्या मशीनमध्ये खातेनंबर आणि रक्कम टाकायची, पावती फाडून हातात द्यायची आणि मगच नोटा पिशवीत टाकायच्या. सगळा व्यवहार मिनिटाभराचा. पण त्यातला क्रम जुना एजंट कधी मोडत नाही. दुकानदार फोनवर बोलत असला, न बघताच नोट पुढे करत असला, तरी मोजणी समोरच होते. ‘राहू द्या हो, तुमच्यावर विश्वास आहे,’ असं कुणी म्हटलं, तरी पावती ठेवूनच तो पुढे जातो. त्याच्यावर विश्वास बसलेला असतो तो नेमका या न चुकणाऱ्या पावतीमुळे.

पिग्मीच्या या पद्धतीचा उगम उडुपीचा. डॉ. टी. एम. ए. पै, उपेंद्र अनंत पै आणि वामन कुडवा यांनी 1925 साली तिथे अवघ्या आठ हजार रुपयांच्या भांडवलावर एक बँक उभी केली. हातमागाचा धंदा तेव्हा अडचणीत होता आणि विणकरांना भांडवल मिळत नव्हतं. 1928 मध्ये या बँकेने पिग्मी ठेव सुरू केली: बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आणे असले तरी जमा करून घेणार. बँकेची पायरी चढायला बिचकणाऱ्या माणसाकडे बँकच चालत गेली. हीच पुढे सिंडिकेट बँक झाली. 1969 मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 1 एप्रिल 2020 रोजी ती कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी मात्र तोवर नागरी बँका आणि पतसंस्थांच्या हाती रुजली होती.

रोजचे पन्नास रुपये म्हणजे वर्षाला अठरा हजारांच्या वर. भाजीच्या पाटीवर बसणाऱ्या बाईसाठी ती रक्कम म्हणजे मुलीची फी, दिवाळीचा माल, घरावरचा पत्रा. एकरकमी एवढे पैसे बाजूला पडत नाहीत. रोज कुणीतरी मागायला आलं तरच पडतात. म्हणून एजंटाचं येणं हाच या ठेवीचा कणा. चार दिवस खाडा झाला, की बाजूला काढलेले पैसे दुसऱ्या खर्चाला लागतात, आणि मोडलेली सवय पुन्हा लागायला वेळ जातो. चांगला एजंट गावाला जाणार असेल तर दोन दिवस आधी प्रत्येकाला सांगून ठेवतो.

‘आज काय जमायचं नाही, दादा. उद्या बघू,’ हे वाक्य त्याला रोज कुणा ना कुणाकडून ऐकायला मिळतं. तेव्हा तो कारण विचारत नाही, चारचौघांत आवाज चढवत नाही. ‘बरं, मावशी,’ म्हणून पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत येतो. कुणाचा धंदा बसलाय, कुणी मुदतीआधी ठेव मोडली, हे सारं त्याला ठाऊक असतं. पण या दुकानातली गोष्ट तो पुढच्या दुकानात नेत नाही. पाच-दहाची नाणी, सुट्ट्या नोटा मात्र आवर्जून नेतो. पानपट्टीवर जमा झालेली चिल्लर किराणावाल्याला मिळते आणि दोघांचीही सोय होते.

या कामाला काळी बाजूही आहे. पैसे घ्यायचे आणि खात्यावर चढवायचे नाहीत, असे अपहार ठिकठिकाणी झाले आहेत. ओळखीच्या भरवशावर लोक पावती मागायची सोडतात, तिथेच याला वाव मिळतो. मशीनची पावती, मोबाइलवर येणारा संदेश आणि शाखेने मधूनच केलेली खात्यांची पडताळणी हे त्यावरचे उपाय. प्रामाणिक एजंटाला या तपासणीत अपमान वाटत नाही. उलट त्याचंच नाव तिने राखलं जातं.

एवढी जोखीम उचलणाऱ्या या माणसाला मिळतं ते बहुधा जमा रकमेवरचं कमिशन. उन्हापावसात फिरणं, रोख रक्कम जवळ बाळगणं, पेट्रोल, सगळं त्यातच भागवायचं. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये बँकांच्या ठेव संकलकांना ‘कामगार’ मानलं, पण नियमित कर्मचाऱ्यांचा दर्जा दिला नाही. आता दुकानातल्या गल्ल्याऐवजी पैसे परस्पर खात्यात जातात, एजंटाला मिळणारी रोकड कमी होते, तशी त्याची कमाईही डळमळते.

पिग्मी भरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा शाखेत जाऊन खात्याचा उतारा पावत्यांशी ताडून पाहावा. ठेव बँकेत आहे की पतसंस्थेत, हेही बघावं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही. आणि ज्या संस्था या माणसांच्या पायपिटीवर उभ्या आहेत, त्यांनी कमिशनखेरीज त्यांच्या अपघात विम्याची आणि म्हातारपणाची तरतूद आता तरी करावी.