विश्लेषण : किनाऱ्यावरून फ्लॅटहेड पकडायचा तर ‘हलका’ रॉड नेमका कोणता?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबरपासून पाणी तापू लागते आणि खाड्यांच्या, सरोवरांच्या काठी रॉड घेऊन उभ्या राहणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यातल्या अनेकांना हवा असतो तो फ्लॅटहेड. चवीला उत्तम, बोटीशिवाय काठावरूनही मिळणारा आणि नवशिक्यालाही गळाला लागणारा हा मासा. कोकण-गोव्यात लहानपणी गरवायला गेलेले आणि आता सिडनी, ब्रिस्बेनला राहणारे मराठी लोकही या गर्दीत असतात. त्यांची पहिली अडचण पाण्यात नसते, दुकानात असते. भिंतीवर ओळीने उभ्या असलेल्या रॉडपैकी निम्म्यांवर ‘लाइट’ लिहिलेले असते आणि त्यातला प्रत्येक रॉड वेगळा वागतो. मग हलका म्हणजे नक्की काय हलके?

फ्लॅटहेड राहतो कसा?

रॉडची निवड माशाच्या सवयीवरून ठरते. फ्लॅटहेड नावाप्रमाणेच चपट्या डोक्याचा. डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला. वाळूत किंवा चिखलात अंग पुरून तो पडून राहतो आणि जवळून जाणाऱ्या मासोळीवर, कोळंबीवर झडप घालतो. भक्ष्याच्या मागे तो फार लांब धावत नाही. खाडीत मिळणारा ‘डस्की फ्लॅटहेड’ हा या कुळातला सर्वांत मोठा मासा, एक मीटरहूनही अधिक वाढणारा. क्वीन्सलँडमधील केर्न्सपासून व्हिक्टोरियातील गिप्सलँड सरोवरांपर्यंत तो आढळतो. याच कुळातली एक जात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही आहे, पण आपल्याकडे ती जाळ्यातल्या इतर मासळीबरोबर येते. रॉड घेऊन मुद्दाम तिच्या मागे जाणारे थोडेच.

ओहोटीला उथळ पुळणीवरचे पाणी खोल धारेकडे उतरते तेव्हा त्यासोबत लहान मासेही खाली येतात. फ्लॅटहेड त्या उताराच्या कडेला, गवत आणि वाळू यांच्या सीमेवर दबा धरून असतो. म्हणजे आमिष तळाला टेकलेच पाहिजे. तळापासून हाताचा वेत-दोन वेत वर उचलायचे, पुन्हा खाली पडू द्यायचे. मासा बहुतेकदा ते पडत असतानाच धरतो. आमिष तळाला लागले की नाही, हे हातातल्या रॉडने सांगितले पाहिजे. बाकी सगळी निवड या एका गरजेपासून सुरू होते.

‘हलका’ कशावरून ठरवायचा?

रॉड हातात घेऊन वजन पाहणे ही बहुतेकांची पहिली कृती. ती अगदीच निरुपयोगी नाही, कारण दिवसभरात आमिष शेकडो वेळा फेकायचे असते. पण दुकानदार ‘लाइट’ म्हणतो तेव्हा तो या वजनाबद्दल बोलत नसतो. मुठीच्या थोडे वर बारीक अक्षरांत तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : रॉडची लांबी, दोराची ताकद आणि आमिषाचे वजन. उदाहरणार्थ, ‘७ फूट, २–४ किलो, ३–१४ ग्रॅम’.

यातला किलोचा आकडा सर्वाधिक गोंधळात पाडतो. २–४ किलो म्हणजे माशाचे वजन नव्हे. किती ताणाला तुटणारा दोर या रॉडवर वापरावा, याचा तो आकडा आहे. पाण्यातल्या माशाचे पूर्ण वजन दोरावर येत नाही आणि रिळाचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, जोराच्या ओढीला दोर सोडत राहतो. म्हणून चार किलोच्या दोरावर पाच-सहा किलोचा मासाही काठाला येऊ शकतो. ‘मोठा मासा लागला तर तुटायला नको’ म्हणून ८ किलोचा रॉड घेणारे नेमके इथे चुकतात.

‘लाइट’, ‘मीडियम लाइट’ या शब्दांना सर्व कंपन्यांसाठी एकच माप नाही. एकीचा लाइट दुसरीच्या मीडियमएवढा ताठ असू शकतो. त्यामुळे शब्द सोडून ग्रॅमचा आकडा पाहणे शहाणपणाचे. फेकताना रॉड स्प्रिंगसारखा वाकतो आणि सरळ होताना आमिष भिरकावतो. आमिष फारच हलके असेल तर रॉड वाकतच नाही आणि ते पायापाशी पडते. फार जड असेल तर रॉड मेणचट होतो, फेक जाते एकीकडे आणि आमिष दुसरीकडे.

आता हा हिशेब फ्लॅटहेडला लावू. काठावरून सर्वाधिक वापरले जाते ते सॉफ्ट प्लास्टिक : शिशाचे डोके असलेला गळ आणि त्यावर ओवलेली साधारण ७५ ते १०० मिलीमीटरची रबरी मासोळी. कमरेएवढ्या संथ पाण्यात साडेतीन ग्रॅमचे डोके पुरते. दोन-तीन मीटर खोलीला सात ग्रॅम लागतात. खाडीच्या तोंडाशी ओहोटी जोरात वाहत असेल तर दहा ते चौदा ग्रॅम. रबराचे वजन वेगळे. म्हणजे ३ ते १४ ग्रॅमच्या आसपासचा पल्ला असलेला, २–४ किलोचा रॉड यातली बहुतेक सर्व परिस्थिती सांभाळतो. त्याहून नाजूक १–३ किलोचा रॉड ब्रीम किंवा व्हाइटिंगसारख्या माशांना छान, पण वाहत्या धारेत दहा ग्रॅमचे डोके उचलताना तो नुसताच वाकतो, आमिष हलत नाही. ३–६ किलोचा रॉड मोठ्या माशाला बरा, मात्र साडेतीन ग्रॅमचे डोके त्याने लांब जात नाही आणि आमिष तळाला टेकल्याचा तो बारीकसा ठोका हातापर्यंत पोहोचत नाही. पहिलाच आणि एकच रॉड घ्यायचा असेल तर मधला घ्यावा.

शेंडा ताठ की लवचीक?

किलोच्या आकड्याइतकेच महत्त्व रॉड कुठून वाकतो याला आहे. ‘फास्ट’ रॉड शेंड्याकडच्या एक-तृतीयांश भागात वाकतो, ‘स्लो’ रॉड पार मुठीपर्यंत. फ्लॅटहेडसाठी फास्ट बरा. आमिष नेमके उचलता येते आणि माशाच्या जाड ओठात गळ रुतवता येतो. पण केरसुणीच्या दांड्यासारखा ताठ नको. काठाजवळ आल्यावर फ्लॅटहेड तोंड उघडून डोके जोरजोरात झटकतो. त्या क्षणी शेंड्याने थोडे नमते घेतले नाही, तर दोर सैल-ताठ होत राहतो आणि गळ सुटतो. काठावर येऊन सुटलेल्या माशांची निम्मी गाऱ्हाणी याच झटक्याची असतात.

लांबी किती असावी?

बोटीतले लोक साडेसहा फुटांचा रॉड पसंत करतात. काठावरून सात ते साडेसात फूट सोयीचे. फेक थोडी लांब जाते आणि काठाला लागून असलेल्या गवतावरून, कालवांच्या धारदार खडकांवरून दोर वर धरता येतो. त्याहून लांब रॉड घ्यायचा मोह होतो, पण सिडनीच्या उत्तरेकडील नॅराबीनसारख्या सरोवरांच्या काठी पाठीमागेच झाडे असतात, कुठे कांदळवन असते. तिथे नऊ फुटी रॉड मागे नेला की गळ फांदीत.

मोकळ्या समुद्राच्या पुळणीवर गणित बदलते. लाटांच्या वरून दोर धरायचा आणि पहिल्या लाटेपलीकडच्या खळग्यात आमिष टाकायचे तर नऊ फूट हवेत. पण तो वेगळा रॉड झाला. खाडी आणि समुद्र दोन्हींना चालेल म्हणून आठ-साडेआठ फुटांवर तडजोड करणाऱ्याला दोन्हीकडे अडचण होते.

कार्बन की फायबरग्लास?

कार्बन तंतूंचा, म्हणजे ग्रॅफाइटचा रॉड वजनाला हलका, ताठ आणि संवेदनशील. वाळू, चिखल, गवत यातला फरक तो हाताला सांगतो. त्याचा दोष म्हणजे ठिसूळपणा. गाडीच्या दारात सापडला किंवा खडकावर आपटला, की न दिसणारी चीर पडते आणि पुढच्या मोठ्या माशाला तो तुटतो. फायबरग्लास जड आणि काहीसा बधिर, पण कसाही वापरा, टिकतो. मुलांसाठी फायबरग्लास किंवा दोन्हींचे मिश्रण असलेला रॉड योग्य. तळ चाचपत आमिष खेळवायचे असेल तर ग्रॅफाइटला पर्याय नाही. त्यासाठी फार महागही घ्यावा लागत नाही. शंभर ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपासचे ग्रॅफाइट रॉड सुरुवातीला पुरेसे असतात. त्यापुढचे पैसे बहुतांशी वजनातले काही ग्रॅम कमी करण्यासाठी जातात. दोन तुकड्यांचा रॉड घेतल्याने फारसे काही बिघडत नाही आणि तो बस-ट्रेनमधूनही नेता येतो.

रीळ आणि दोर

या रॉडला २५०० आकाराचे स्पिनिंग रीळ शोभते. दोर विणलेला, म्हणजे ब्रेडेड, साधारण तीन ते चार किलो ताकदीचा. आपल्याकडचा नायलॉनचा तंगूस ताणला जातो; तीस मीटरवरचा ठोका त्या ताणातच विरतो. विणलेला दोर जवळपास ताणला जात नाही, म्हणून रॉडची संवेदनशीलता खरी वापरता येते. मात्र त्याच्या टोकाला एक-दीड मीटर फ्लुरोकार्बनचा जाड तुकडा, म्हणजे लीडर, जोडावाच लागतो. फ्लॅटहेडचे दात बारीक असले तरी कानशीसारखे घासतात. पाच ते सात किलोचा लीडर ठीक. प्रत्येक माशानंतर शेवटचा वीतभर भाग बोटांनी चाचपावा आणि खरखरीत लागला तर कापून गाठ नव्याने मारावी.

ड्रॅग साधारण दोराच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश इतका घट्ट ठेवतात. चार किलोच्या दोराला एक किलोच्या थोडे पुढे. अंदाज येत नसेल तर विमान प्रवासाआधी बॅगा तोलायचा घरातला वजनकाटा दोराला लावून हळूच ओढावा. कोणत्या आकड्याला दोर सुटतो ते लगेच कळते.

दुकानात काय पाहावे?

शक्यतो रीळ लावूनच रॉड हातात घ्यावा. रिळाच्या जरा पुढे एका बोटावर तो तोलून राहिला तर मनगट दमत नाही. शेंडा खाली झुकत असेल तर दोन तासांत त्रास सुरू होतो. रॉडच्या कड्यांमधून कान साफ करायची कापसाची काडी फिरवावी. कापूस कुठे अडकला तर तिथे आतल्या रिंगेला तडा आहे आणि बारीक दोर तिथेच कापला जाणार. जुना रॉड विकत घेताना तर ही तपासणी हवीच. शेंडा हाताने धरून वाकवून पाहू नये. माशाच्या ओढीने रॉड पूर्ण लांबीभर वाकतो, हाताने वाकवल्यास सगळा जोर एका जागी येतो.

मासा काठाला आल्यावर

हलके रॉड सर्वाधिक तुटतात ते इथेच. मासा दमलेला, काठ दोन हातांवर, आणि माणूस रॉड उभा करून मासा उचलायला जातो. पाण्याबाहेर येताच त्याचे पूर्ण वजन उभ्या रॉडच्या बारीक शेंड्यावर येते. वाळूवर असताना मागे चालत जाऊन, येणाऱ्या लाटेबरोबर मासा घसरत वर घ्यावा. खडकावर किंवा धक्क्यावर असताना जाळी लागतेच. कल्ल्यांच्या झाकणावर दोन्ही बाजूंना तीक्ष्ण काटे असतात आणि मासा वळवळला की ते तळहातात घुसतात. ओला कपडा किंवा ओठ धरायचा चिमटा जवळ असावा.

रॉड अगदी नाजूक नको, याचे आणखी एक कारण कायद्यात आहे. न्यू साउथ वेल्समध्ये डस्की फ्लॅटहेड ३६ ते ७० सेंटीमीटर असेल तरच ठेवता येतो, एका व्यक्तीला दिवसाला पाच. क्वीन्सलँडमध्ये ही मर्यादा ४० ते ७५ सेंटीमीटर आहे. वरची मर्यादा ओलांडणारे मासे बहुतेक माद्या असतात, लाखो अंडी घालणाऱ्या. त्यांना परत सोडावे लागते. फार नाजूक रॉडवर अशी मादी बराच वेळ झुंजवली तर ती इतकी थकते की सोडल्यावर जगेलच असे नाही. पुरेशी ताकद असलेला रॉड तिला लवकर काठाला आणतो, आणि मोजपट्टी हाताशी असेल तर ती लवकर पाण्यात परतही जाते.

परवान्याचे नियमही राज्यागणिक वेगळे आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये १८ वर्षांवरील व्यक्तीला शुल्क भरावे लागते : तीन दिवसांना ७ डॉलर, वर्षाला ३५. व्हिक्टोरियातही परवाना लागतो. क्वीन्सलँडमध्ये समुद्र आणि खाडीकाठच्या हौशी मासेमारीला परवाना नाही. सिडनी हार्बरमध्ये पुलाच्या पश्चिमेला पकडलेले मासे खाऊ नयेत, असा सरकारी सल्ला आहे. तिथल्या तळाच्या गाळात जुन्या कारखान्यांमधून आलेले डायॉक्सिन आहे आणि फ्लॅटहेड त्याच गाळावर पडून असतो. तिथे पकडलेला मासा सोडूनच द्यावा.

एक धोका मात्र माशाशी संबंधित नाही. कार्बन विजेचा वाहक आहे. आकाशात गडगडाट सुरू झाला की ग्रॅफाइटचा रॉड खाली ठेवून काठ सोडावा, आणि गाडीपासून पाण्यापर्यंत जाताना वरून विजेच्या तारा गेल्या असतील तर रॉड उभा धरून चालू नये. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर तो पाण्यापाशी पोहोचल्यावरच जोडावा.