सुईपेक्षा वेळापत्रक अवघड: वंध्यत्वावरील उपचारांची पूर्वतयारी

चंडीगड ही पंजाब आणि हरयाणा या दोन राज्यांची राजधानी असली, तरी वैद्यकीयदृष्ट्या या शहराचा पसारा त्याहून मोठा आहे. 1962 मध्ये स्थापन झालेल्या आणि ‘पीजीआय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेमुळे हिमाचल प्रदेश व जम्मू-काश्मीरपर्यंतचे रुग्ण वर्षानुवर्षे येथे येत राहिले, आणि आज अपत्यप्राप्तीच्या उपचारांसाठीही शहरातील व लगतच्या मोहाली-पंचकुल्यातील केंद्रांकडे बाहेरगावची जोडपी वळतात. या उपचारांत सुईची भीती सर्वांनाच ठाऊक असते. त्याहून अवघड ठरते ते मात्र असे वेळापत्रक, ज्याच्या तारखा ना डॉक्टर आधी सांगू शकतात, ना रुग्ण.

याचे कारण शरीरक्रियेत आहे. बीजांड ज्या द्रवयुक्त पिशवीत वाढते तिला पुटिका म्हणतात, आणि नैसर्गिक मासिक चक्रात सहसा एकच पुटिका पूर्ण पक्व होते. जुलै 1978 मध्ये इंग्लंडात जन्मलेले जगातील पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ अशाच नैसर्गिक चक्रातील बीजांडापासून झाले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या मुलीसाठी डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी मात्र संप्रेरकांची इंजेक्शने वापरून अंडाशयाला चालना दिली होती. पुढे हीच रीत रूढ झाली. शरीराबाहेर फलन घडवण्याच्या, म्हणजे आयव्हीएफच्या आजच्या पद्धतीत पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून साधारण 8 ते 12 दिवस रोज इंजेक्शन घ्यावे लागते, दर दोन-तीन दिवसांनी योनिमार्गे सोनोग्राफी करून पुटिकांची वाढ मोजली जाते आणि तिच्यानुसार औषधाची मात्रा बदलते. बीजांडे वेळेआधी सुटू नयेत म्हणून मध्येच दुसरे इंजेक्शन सुरू होते, आणि शेवटी त्यांना पक्व करणारे ‘ट्रिगर’ इंजेक्शन दिले जाते.

या ट्रिगरची वेळ काटेकोर असते, कारण ते दिल्यानंतर सुमारे 34 ते 36 तासांनी बीजांडे काढायची असतात. बुधवारी सकाळी नऊला ही प्रक्रिया ठरली असेल, तर सोमवारी रात्री दहाच्या सुमारास सुई टोचली गेलीच पाहिजे. म्हणून सिमल्याकडून शंभराहून अधिक किलोमीटरचा घाटरस्ता उतरून येणाऱ्या जोडप्याने सुरुवातीच्या तपासण्या गावाजवळ होऊ शकतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे आणि शेवटच्या चार-पाच दिवसांसाठी शहरात मुक्कामाची सोय करावी, हे शहाणपणाचे ठरते. लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय चंडीमंदिर येथे असल्यामुळे या परिसरात मराठी सैनिकी कुटुंबेही राहतात. पतीची रजा नेमक्या दिवशी मिळेल याची खात्री नसेल, तर वीर्याचा नमुना आधीच गोठवून ठेवण्याचा पर्याय अशा घरांना उपयोगी पडतो.

औषधे सांभाळणे हेही एक काम असते. यांतील बरीच इंजेक्शने 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात, आणि मे-जूनमध्ये चंडीगडचा पारा चाळिशी ओलांडत असल्याने ती आइस पॅकच्या डब्यातून, पण बर्फाला थेट चिकटू न देता न्यावी लागतात. गोठलेले औषध निकामी होऊ शकते. रोजचे इंजेक्शन बहुधा बेंबीपासून दोन बोटे सोडून, पोटाची कातडी चिमटीत धरून त्वचेखाली घेतात. जागा रोज बदलणे, स्पिरिट पूर्ण वाळू देणे आणि औषध सावकाश सोडणे यांनी आग व काळेनिळे डाग कमी होतात. सुई पाहताच ज्यांना भोवळ येते, त्यांच्यासाठी मानसोपचारातील एक साधा उपाय आहे: हातापायांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून मग सैल सोडणे, आणि हे चार-पाच वेळा करणे. त्यामुळे एकदम उतरणारा रक्तदाब सावरतो. मात्र टोचायची जागा सैल ठेवावी लागते.

पोट झपाट्याने फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे ही अंडाशय अतिउद्दीपित झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या 2021 च्या कायद्याने उपचारांसाठी स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 असे ठरवले असून, यशाची शक्यता, खर्च, धोके व दुष्परिणाम यांची माहिती देणे आणि समुपदेशन करणे केंद्रांवर बंधनकारक केले आहे. जोडप्याने हे प्रश्न पहिल्याच भेटीत, लिहून नेऊन विचारावेत. त्यांत एक प्रश्न चक्र मध्येच थांबले तर काय, हाही असावा. पुटिका पुरेशा वाढल्या नाहीत तर चक्र रद्द होते, अतिरेकाने वाढल्या तर भ्रूण गोठवून रोपण पुढे ढकलले जाते, आणि यांतले काहीही रुग्णेच्या हयगयीमुळे घडत नाही. म्हणूनच रजा, पैसा आणि मुक्काम यांचा हिशेब एकाच सुरळीत चक्रावर न बेतता लांबणाऱ्या तारखेसाठीही त्यात जागा ठेवणे, ही या उपचारांची सर्वांत व्यवहार्य पूर्वतयारी होय.