धक्क्यावरचा गळ आणि तिथीचे गणित

सुट्टीत कोकणात गेलात की बंदराच्या धक्क्यावर गळ टाकून बसलेली माणसे तुम्हाला दिसतील. आपणही बसावे, असे वाटणे साहजिकच आहे. गळ, तंगूस, शिशाचा तुकडा आणि आमिषाला कोलंबी मिळाली की काम झाले, असा नवख्याचा समज असतो.

माझ्या भाच्याचाही तसाच समज होता. मालवणच्या धक्क्यावर तो सकाळी नऊपासून अकरापर्यंत बसला. मासा सोडाच, आमिषही कोणी कुरतडले नाही. शेजारच्या आजोबांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "आज तिथी खयची?" त्या दिवशी षष्ठी होती. पण गळाचा आणि तिथीचा संबंध काय?

संबंध आहे, आणि तो चंद्रामुळे आहे. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे होते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तोवर चंद्रही आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकतो. त्याला गाठण्यास पृथ्वीला सुमारे ५० मिनिटे अधिक लागतात. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर राहते.

किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठीला ६ × ३/४ = ४॥, म्हणजे साडेचार वाजता. त्याआधी सुमारे सहा तास, सव्वादहाला, पूर्ण ओहोटी. भाचा नेमका तेव्हा बसला होता!

हा ठोकताळा का जमतो? चांद्रमासात ३० तिथी असतात आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाचे पूर्ण २४ तास फिरून येते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे तीन मिनिटांची चूक पंधरा तिथींत पाऊण तासाची होते. शिवाय प्रत्येक बंदराची वेळ थोडी निराळी असते. म्हणून हा अंदाज समजावा. अचूक वेळ भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकात पाहावी.

पाणी चढू लागले की खाद्याच्या शोधात मासे किनाऱ्याकडे येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी जावे. मात्र एक लक्षात ठेवा. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच सुमारे निम्मी वाढ होते. पाणी २ मीटर चढणार असेल, तर त्या दोन तासांत १ मीटर! तुम्ही बसलेली कोरडी पायरी बघता बघता पाण्याखाली जाते. शेवाळलेल्या खालच्या पायऱ्यांवर कधीही बसू नका. एकटे जाऊ नका. पावसाळ्यात तर धक्क्यावर गळ टाकायला जाऊच नका.

आता वजनाचे पाहू. शिसेच का? दगड का नाही? आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. १०० ग्रॅम शिसे समुद्राच्या पाण्यात सुमारे ९१ ग्रॅम भरते, तर १०० ग्रॅम काळा दगड ६५ ग्रॅमच. शिवाय दगडाचे आकारमान जवळजवळ चौपट, त्यामुळे प्रवाह त्याला अधिक ढकलतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की हा रेटा सुमारे चौपट होतो. म्हणून भर भरतीत जड शिसे लागते. पण शिसे विषारी आहे. ते दातांनी दाबू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

गळाला शिंगाळा लागला, तर त्याला उघड्या हाताने धरू नका. त्याच्या पाठीवरच्या व बाजूच्या परांतील काटे विषारी असतात. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी आणि डॉक्टरांकडे जावे. लहान पिल्ले मात्र पाण्यात परत सोडावीत.

त्या दिवशी भाचा दुपारी अडीच वाजता पुन्हा धक्क्यावर गेला. साडेचारपर्यंत त्याला दोन मासे मिळाले.

करून पहा : सुट्टीत सलग आठ दिवस पूर्ण भरतीची वेळ टिपा आणि तिथीच्या पाऊणपटीशी ताडून पहा. फरक किती येतो?