गडाचं वेड, बाईचं वेड

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला आणि त्याचं मुख्यालय कोळगावात उभं राहिलं. तिथून बोईसरमार्गे तारापूरला निघालेल्या माणसाच्या डोक्यात एमआयडीसी असते, नाहीतर अणुऊर्जा केंद्र. पण तारापूरला समुद्रालगत पोर्तुगिजांचा एक किल्लाही आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पाच्या फौजेने सुरुंग पेरून त्याचा तट फोडला. आतले लोक सहजासहजी हटले नाहीत, तटावर हातघाईची लढाई झाली. बाजी भिवराव रेठरेकर इथेच गोळी लागून पडला. ज्या मोहिमेत माहीम आणि तारापूर पडलं, तीच मोहीम मे महिन्यात वसई घेऊन थांबली.

त्या वसईच्या वेढ्यातली एक आख्यायिका उत्तर कोकणात अजून सांगतात. किल्ला काही केल्या पडेना, तेव्हा चिमाजी म्हणाला की वसई हाती लागत नसेल तर माझं डोकं तरी तोफेत घालून आत उडवा. त्याने वज्रेश्वरीला नवस बोलल्याचंही सांगतात, आणि देवीचं देऊळ त्याची साक्ष म्हणून दाखवतात. हे सरळसरळ वेड आहे. पण ते गडाचं वेड असल्यामुळे आपण त्याला निष्ठा म्हणतो, शाळेत शिकवतो, त्याचे पोवाडे गातो.

याच माणसाच्या सख्ख्या थोरल्या भावाला, बाजीरावाला, मस्तानीचं वेड होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस चिमाजीने पुतण्या नानासाहेबाला हाताशी धरून त्या वेडाचा बंदोबस्त करायला घेतला. मस्तानीला पहाऱ्यात ठेवण्यात आलं. झपाटलेल्या नायकाचा मराठी ऐतिहासिक कादंबरीतला शोध मला तारापूरच्या तटापासून सुरू करावासा वाटतो तो यासाठी. एकाच घरातली, एकाच वर्षातली ही दोन वेडं. त्यातल्या एकाला आपल्या कादंबरीने पहिल्या दिवसापासून पाटावर बसवलं, दुसऱ्याला बराच काळ ओसरीवरच ठेवलं.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’, साल १८७१. नावातच गड आहे. तिच्या आधी हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी वाचकांना अद्भुतरम्य प्रेमाची चटक लावली होती. त्या नायकांना प्रेमात पडायची मुभा होती, कारण त्यांच्या पाठीवर इतिहासाचं ओझं नव्हतं. शिवकाळ आणि पेशवाई कादंबरीत आली आणि नायकाच्या शृंगाराला आपोआप कात्री लागली. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट ज्या समाजाने घराघरात पोचवली, त्या समाजाचा नायक स्त्रीला सन्मानाने परत पाठवणारा असणार हे ठरूनच गेलं. वसईच्या विजयानंतर चिमाजीनेही एका पोर्तुगीज स्त्रीला असंच सन्मानाने पाठवल्याची कथा आहे. नायकाची परीक्षा बाई परत करण्यात. मग तिच्यासाठी झुरायचं कोणी?

हरिभाऊ आपट्यांनी याचं उत्तर १९०३ मध्ये दिलं: शत्रूने. ‘गड आला पण सिंह गेला’मधला उदयभानू हा आपल्या कादंबरीतला बहुधा सगळ्यात ठळक झपाटलेला पुरुष. सती जायला निघालेली कमलकुमारी तो वाटेतून पळवतो आणि कोंढाण्यावर आणून ठेवतो. ती नकार देते, तो मुदत घालतो. मुदतीची रात्र आणि तानाजीच्या चढाईची रात्र हरिभाऊंनी एकच केली. ४ फेब्रुवारी १६७० ची लढाई, उदयभान राठोड हा किल्लेदार, तानाजीचं मरण, हे इतिहासातलं आहे. कमलकुमारी हरिभाऊंची. पण तिच्यामुळेच पानं भराभर उलटतात, हे कबूल करायला हवं. तानाजी दोर लावून वर येतोय, इकडे दिवे लागलेत, लग्नाची तयारी चाललीय. तानाजी ‘आधी लगीन कोंढाण्याचं’ म्हणून मुलाचं लग्न टाकून आलेला, आणि गडावर बसलेल्या माणसाला स्वतःच्या लग्नापुढे गड दिसत नाही. दोन वेडं समोरासमोर उभी करण्याची इतकी चोख रचना मराठीत नंतर क्वचितच झाली. २०२० च्या ‘तान्हाजी’ चित्रपटातही उदयभान एका कमलदेवीसाठी पेटलेलाच दाखवलाय. शंभरावर वर्षं झाली, खलनायकाला तोच जुना अंगरखा बसतो.

हरिभाऊंना मात्र या सोयीचा पुढे कंटाळा आला असावा. ‘वज्राघात’मध्ये त्यांनी विजयनगरच्या रामराजालाच तारुण्यात मेहेरजानच्या प्रेमात पाडलं. तो तिला सोडतो, आणि त्या सोडण्याचं व्याज १५६५ च्या लढाईत सगळ्या राज्याला भरावं लागतं. नायकाला वेड लागू शकतं, इथवर हरिभाऊ आले. त्या वेडाची किंमत म्हणून अख्खं साम्राज्य मोजून घेतल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

मधल्या काळात नाथमाधवांनी ‘वीरधवल’ (१९१३) लिहून रेनॉल्ड्सच्या वळणाची अद्भुतता मराठीत आणली आणि मग ‘स्वराज्या’च्या मालेकडे वळले. सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून पडून त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं होतं. तरी हा लेखक अंथरुणावरून घोडदौडीची प्रकरणं लिहीत होता. कादंबरीकाराच्या स्वतःच्या वेडाबद्दल वेगळा लेख व्हायला हवा. १९६२ मध्ये रणजित देसायांची ‘स्वामी’ आली. तिथे माधवराव कर्तव्याने झपाटलेला, आणि प्रेमाचा सगळा भार थेऊरला सती जाणाऱ्या रमाबाईवर.

मग १९७२ मध्ये ना. सं. इनामदारांची ‘राऊ’. बाजीराव-मस्तानीची गोष्ट त्याआधीही कादंबरीत आणि मूकपटात येऊन गेली होती, पण इनामदारांनी जे केलं ते साधं आणि धाडसी होतं. उदयभानूकडे राहिलेलं वेड त्यांनी उचललं आणि ते मराठी फौजांच्या सर्वांत यशस्वी सेनापतीच्या छातीत ठेवलं. भोपाळला निजामाला कोंडणारा माणूस स्वतःच्या वाड्यात कोंडला जातो. शत्रू दिल्लीत नाही, हैदराबादेत नाही. आई, भाऊ, मुलगा, पुण्याचे ब्राह्मण, पंक्तीचा प्रश्न, मुलाच्या मुंजीचा प्रश्न, आणि त्यातला प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर. कादंबरीची ताकद मला याच गोष्टीत दिसते. मस्तानी मात्र त्या मानाने धूसर राहते. ती बाजीरावाला कशी दिसते ते आपल्याला कळतं, तिला बाजीराव कसा दिसत असेल याचा अंदाज बांधावा लागतो. झपाटलेल्या नायकाच्या कादंबऱ्यांचं हे जुनंच दुखणं आहे. २०१५ मध्ये भन्साळींनी याच कादंबरीवर चित्रपट काढला तेव्हा तिच्या हाती तलवार आली खरी, पण ती निम्मी आरशांच्या लखलखाटात हरवली.

१९७२ हेच साल अमेरिकेतल्या ऐतिहासिक प्रेमकादंबरीच्याही इतिहासात मोठं आहे. कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ त्याच वर्षी निघाली आणि त्या जातीच्या जाडजूड पुस्तकांची लाट आली. तिचा नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो, पुढे त्यांचं लग्न होतं, आणि कादंबरी सुखात संपते. त्याआधी १९१९ मध्ये ई. एम. हल यांच्या ‘द शेख’ने हेच सूत्र गाजवलं होतं. आपल्या हिशेबात हे सगळे उदयभानू. फरक एवढाच, की तिथे तानाजी वर येतच नाही आणि कमलकुमारी अखेर हो म्हणते. मराठी ऐतिहासिक कादंबरीला सोवळी म्हणून कितीही हिणवा, बळजबरीला प्रेमाचं नाव देण्याच्या वाटेला ती ‘गड आला’ आणि ‘राऊ’ या दोन मोठ्या पुस्तकांत तरी गेली नाही. ‘राऊ’तला नायक मस्तानीला कोंडत नाही. कोंडतात ते बाकीचे.

आणि इथे कागदपत्रं कादंबरीच्या पुढे जातात. जानेवारी १७४० मधलं साताऱ्याचं मत रियासतकार सरदेसायांनी नोंदवलं आहे: मस्तानीच्या बाबतीत राऊंचं मन दुखवू नये, पहारे बसवू नयेत, असा शाहू महाराजांचा कल होता. छत्रपतींना जे खुपत नव्हतं ते घरच्यांना खुपत होतं. त्या फेब्रुवारीत बाजीरावाच्या रघुनाथाची मुंज आणि चिमाजीच्या सदाशिवाचं लग्न पुण्यात झालं, तेव्हा बाजीराव नासिरजंगाच्या मोहिमेवर होता.

मला विचाराल तर खरी न लिहिलेली शोकांतिका चिमाजीची आहे. तारापूर-वसईच्या तटांपुढे ज्याचं काही चुकलं नाही, तो घरी येऊन एका बाईभोवती पहारा उभा करतो. मार्चमध्ये तो नानासाहेबाला लिहितो, तेही सरदेसायांनी दिलं आहे: राऊंचं चित्त शांत करायचा यत्न केला, पण ईश्वराच्या मनात वेगळंच दिसतं, आपण पुण्यास पोचल्यावर तिला त्यांच्याकडे पाठवून द्यावं. म्हणजे या माणसाला कळलं होतं. वेढा उठवायचा ठरला होता, फक्त तो पुण्यास पोचेपर्यंतचा अवकाश होता. २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला. त्यामागोमाग मस्तानीही गेली, पाबळला तिची कबर आहे. जूनमध्ये चिमाजीने नानासाहेबाला पेशवाईची वस्त्रं मिळवून दिली आणि १७ डिसेंबरला तोही वारला, वसई घेतल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याची बायको अन्नपूर्णाबाई सती गेली. मागे राहिला सदाशिव, पानिपतचा भाऊ. मस्तानीचा समशेर बहाद्दर त्याच्याबरोबर पानिपतावर गेला आणि १७६१ मध्ये त्या लढाईच्या जखमांनी मेला.