पाठ्यपुस्तक मापून घेताना

डिस्ट्रिक्टच्या ऑफिसमागच्या लांबट खोलीत शिरले, तेव्हा भिंतीला टेकून खोकी रचलेली होती. किराणा दुकानाच्या दारात माल उतरवावा तशी. बालवाडी ते पाचवीचं गणित, तीन प्रकाशक. एकेका इयत्तेच्या खोक्यात मुलांचं पुस्तक, सरावाच्या दोन वह्या, शिक्षकांसाठी दोन जाडजूड ग्रंथ, चाचण्यांचा गठ्ठा, रंगीत ठोकळ्यांची पिशवी आणि वेबसाइटचा पासवर्ड असलेलं कार्ड. सगळं मांडता मांडता टेबलं संपली, तेव्हा उरलेलं खिडकीच्या कट्ट्यावर गेलं. प्रकाशकांची नावं उच्चारायची नाहीत असं पहिल्याच बैठकीत ठरलं, म्हणून वेष्टनांच्या रंगांवरून आम्ही निळं, हिरवं आणि तांबडं म्हणू लागलो.

मी साताऱ्यात शिकले. आमच्यासाठी पाठ्यपुस्तक म्हणजे जूनमध्ये वरच्या वर्गातल्या ताईकडून निम्म्या किमतीत आणायची आणि खाकी कव्हर घालायची वस्तू. बालभारतीची स्थापना जानेवारी १९६७ मधली. माझ्या पिढीला तिच्याआधीचा काळ माहीतच नाही. ते पुस्तक कुणी निवडलं, हा प्रश्न घरात कधी निघाला नाही. निवडायला दुसरं होतं कुठे? त्यामुळे कॅलिफोर्नियात मुलाच्या शाळेकडून ‘गणिताची पुस्तकं निवडायच्या कमिटीवर पालक हवेत’ असं पत्र आलं, तेव्हा आधी मला ते चुकून आलंय असंच वाटलं.

इथली व्यवस्था अशी. केंद्र सरकार पाठ्यपुस्तक ठरवत नाही. देशात सुमारे तेरा हजार स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था, आहेत, आणि प्रत्येकाचं बहुधा लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असतं. सुमारे वीस राज्यं आधी स्वतः यादी मंजूर करतात; बाकीच्यांत डिस्ट्रिक्ट थेट बाजारात उतरतं. कॅलिफोर्निया मधला. आठवीपर्यंतच्या पुस्तकांची यादी राज्य मंडळ करतं, नववी ते बारावीची पुस्तकं मात्र डिस्ट्रिक्टचं बोर्डच मंजूर करतं. २०१२ च्या एका कायद्यानंतर डिस्ट्रिक्टला आठवीपर्यंतसुद्धा यादीबाहेरचं पुस्तक घेता येतं. अट एवढीच, की ते राज्याच्या अभ्यासक्रमाशी जुळावं आणि पारखणाऱ्यांत बहुसंख्य त्या विषयाचे किंवा इयत्तेचे वर्गशिक्षक असावेत. जुलै २०२३ मध्ये राज्याने गणिताचा नवा आराखडा मंजूर केला. आमच्याकडची जुनी पुस्तकं तोवर जीर्ण झाली होती. मग ही खोकी आली.

आमच्या कमिटीत शिक्षक जास्त, पालक चौघं. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात रुब्रिक पडलं, म्हणजे गुणांचा तक्ता. तीन पानं, पंचवीसेक प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण. ‘इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी आधार आहे का?’, ‘चित्रांत सर्व समाजांतली मुलं दिसतात का?’, ‘संकल्पना, सराव आणि उपयोजन यांचा तोल आहे का?’ प्रश्न चांगले होते, वेळ मात्र नव्हता. शनिवारच्या साडेपाच तासांत तीन प्रकाशकांच्या सहा इयत्ता उरकायच्या. शिक्षकी भाषेत याला ‘अंगठा-चाचणी’ म्हणतात: अंगठ्याने पानं फर्रकन सोडायची आणि जिथे डोळा थांबेल तिथे मत बनवायचं. प्रकाशकांनाही हे ठाऊक असतं, म्हणून पानं तशीच सजवलेली असतात.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६४ च्या सुमारास याच राज्याच्या समितीवर गणिताची पुस्तकं तपासली होती. त्यांनी लिहून ठेवलेला किस्सा असा: तीन पुस्तकांच्या एका संचातलं एक वेळेत छापून झालं नव्हतं, म्हणून प्रकाशकाने नुसती कव्हरं पाठवली होती, आत कोरी पानं. तरी काही परीक्षकांनी त्याला गुण दिले होते, आणि ते त्याच संचातल्या छापलेल्या पुस्तकांपेक्षा थोडे जास्तच होते. हा किस्सा मी आधी हसत सांगायचे. त्या शनिवारी साडेतीन वाजता तांबड्या संचाच्या पाचवीच्या पुस्तकाला मी ओळीने दोन-दोन-दोन गुण दिले, तेव्हा त्यातला एकही धडा मी पूर्ण वाचलेला नव्हता. पान कोरं असतं तरी माझ्या लक्षात आलं असतं का, कोण जाणे.

माझ्या शेजारी चौथीच्या एक बाई होत्या, साठीकडे झुकलेल्या. त्यांनी तक्ता उलटा करून ठेवला आणि तिन्ही संचांतला एकच धडा काढला: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? “हा धडा मी तीस वर्षं शिकवतेय. दरवर्षी वर्गातली निम्मी मुलं म्हणतात, चार तीनापेक्षा मोठे, म्हणून चतुर्थांश मोठा. त्या मुलाला हे पुस्तक काय सांगतं, तेवढं मी बघते.”

निळ्या पुस्तकात पिवळ्या चौकटीत नियम होता: छेद समान करा, मग अंशांची तुलना करा. खाली बारा उदाहरणं. हिरव्यात नियम नव्हताच. कागदाच्या सारख्या पट्ट्यांच्या घड्या घालायच्या, तुकडे शेजारी ठेवायचे आणि ‘चतुर्थांश मोठा’ म्हणणाऱ्या एका काल्पनिक मुलाला दोन ओळींचं पत्र लिहायचं. तांबड्यात एक छोटा व्हिडिओ होता. बाईंनी मग शिक्षकांचं पुस्तक उघडलं. हिरव्यात समासात लिहिलं होतं: मूल असं म्हणालं तर हे विचारा, तसं म्हणालं तर ते दाखवा. निळ्यात त्याच जागी एक ओळ: ‘उत्तरे वेगवेगळी असू शकतात.’ बाई म्हणाल्या, “ही ओळ दिसली की समजायचं, लिहिणारा त्या दिवशी वर्गात गेलेला नाही.”

निळ्या पुस्तकाच्या त्याच पानावर दोन पट्ट्यांचं चित्र होतं. वरच्या पट्टीचे तीन भाग, खालचीचे चार, एकेक भाग रंगवलेला. काहीतरी खटकत होतं. पर्समध्ये मुलाची मोजपट्टी सापडली, ती लावली. वरची पट्टी नऊ सेंटिमीटर, खालची साडेअकरा. पानाच्या रुंदीत बसवताना कुणीतरी ती ताणली असावी. परिणाम असा, की तृतीयांश तीन सेंटिमीटरचा आणि चतुर्थांश त्याहून जेमतेम सव्वा मिलिमीटर लहान. डोळ्याला दोन्ही सारखेच. अपूर्णांकांची तुलना करायची तर ‘पूर्ण’ सारखं हवं, हाच त्या धड्याचा गाभा, आणि चित्रानं नेमकं तेच मोडलं होतं. तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. मी मागच्या बाजूला पान क्रमांक आणि मापं लिहिली आणि कागद बाईंना दाखवला. त्या बराच वेळ पट्ट्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी हे पान आज तीनदा उलटलं.”

पुढच्या बैठकीला प्रकाशकांचे विक्रेते आले. चाळीस मिनिटं प्रत्येकाला. खरा व्यवहार तेव्हा कळला. विकायला आलेलं पुस्तक नसतंच, आठ वर्षांचा करार असतो. सरावाच्या वह्या मुलं भरून टाकतात, म्हणजे त्या दरवर्षी नव्या. वेबसाइटचा परवाना करार संपला की बंद. शिक्षकांचं प्रशिक्षण पहिल्या वर्षी मोफत, पुढे दिवसाच्या हिशेबाने. आमच्यातल्या एका पालकाने वह्यांचा आठ वर्षांचा खर्च फळ्यावर मांडला, तेव्हा तो मुख्य पुस्तकाच्या वर गेला. विक्रेता हसून म्हणाला, “बरोबर आहे तुमचं.”

तांबडं गळलं. निळं आणि हिरवं काही वर्गांत सहा आठवडे शिकवून पाहायचं ठरलं. याला इथे पायलट म्हणतात. बाईंच्या वर्गात हिरव्याचा तोच धडा होता, मी मागच्या बाकावर बसले. कागदाचे चार भाग मुलांनी चुटकीसरशी केले: अर्ध्याचा अर्धा. तीन सारखे भाग करताना मात्र तारांबळ उडाली. घडी एकदा जाड, एकदा बारीक; कुणाचे चार झाले, कुणाची पट्टी फाटली. पस्तीस मिनिटांतली बावीस घड्यांत गेली. पण शेवटी खिडकीजवळची एक मुलगी आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “जितके जास्त वाटेकरी, तितका तुकडा लहान.” बाईंनी ते वाक्य तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं. घंटा झाली. पत्र लिहायचं राहून गेलं.

मतदानात निळं जिंकलं, थोडक्यात. कारणं ऐकली तर शिक्षकांना दोष देववत नाही. बुधवारी शाळा लवकर सुटते, हिरव्याचा धडा त्यात मावत नाही. शिक्षक रजेवर गेला तर बदली शिक्षकाला निळं हातात घेऊन उभं राहता येतं. निळ्याचं स्पॅनिश साहित्य पूर्ण होतं, हिरव्याचं अर्धवट, आणि आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये घरी स्पॅनिश बोलणारी मुलं खूप. उत्तम बाईंच्या हातात हिरवं पुस्तक सोनं होतं. पण पुस्तक सगळ्या वर्गांसाठी घ्यायचं असतं, दोन वर्षांच्या अनुभवावर धडपडणाऱ्या शिक्षकासाठीसुद्धा. माझं मत हिरव्याला पडलं. त्या खोलीतून बाहेर पडताना मला त्याची तेवढी खात्री राहिली नव्हती.

यानंतर जाहीर प्रदर्शन. निवडलेला संच डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात काही आठवडे उघडा ठेवला होता. कुणीही यावं, वाचावं, अभिप्राय लिहावा. पालकांना आणि समाजाला या निवडीत सामील करून घ्यावं, असं राज्याचा कायदाच म्हणतो. शेवटच्या दिवशी मी गेले. वहीत माझ्याआधी दोन सह्या होत्या, त्यातली एक चौथीच्या बाईंची.

लोकांना पाठ्यपुस्तकांचं काही पडलेलं नाही, असं म्हणावं तर तेही खरं नाही. २००५-०६ मध्ये सहावीच्या इतिहासात प्राचीन भारत आणि हिंदू धर्म कसा मांडलाय यावरून राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, रान पेटलं होतं: एकीकडे हिंदू संघटना, दुसरीकडे इतिहासाचे प्राध्यापक आणि दलित संघटना. २०१६ मध्ये आराखड्यावरून तोच वाद पुन्हा झाला, तेव्हा सुनावणीला गाड्या भरून गेलेली मराठी मंडळी माझ्या ओळखीची आहेत. टेमेक्युला या गावच्या बोर्डाने २०२३ च्या मे महिन्यात समाजशास्त्राचा संच नाकारला, कारण पूरक साहित्यात हार्वी मिल्क या समलिंगी नेत्याचा उल्लेख होता. गव्हर्नरने दंड थोपटले आणि जुलैत बोर्डाला तो स्वीकारावा लागला. टेक्सासच्या पंधरा जणांच्या मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बायबलमधल्या गोष्टी असलेलं प्राथमिक साहित्य आठ विरुद्ध सात मतांनी मंजूर केलं, आणि देशभर मथळे झाले. ते वाद खोटे नाहीत; मुलाला कुणाचा इतिहास शिकवायचा हा प्रश्न मोठाच आहे. पण धर्म आला की सभागृह भरतं आणि अपूर्णांक आले की खुर्च्या रिकाम्या राहतात. मुलं मात्र वर्षभर दोन्ही पुस्तकं सारख्याच विश्वासाने उघडतात.

बोर्डाच्या बैठकीत आमचा विषय अजेंड्यावर बराच खाली होता. आधी मैदानाच्या रात्रीच्या दिव्यांवर अकरा जण बोलले, प्रत्येकी दोन मिनिटं. गणितावर बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी उठले आणि दोन पट्ट्यांची मापं वाचून दाखवली. एका सदस्याने ती लिहून घेतली. ‘प्रकाशकाने दुरुस्ती लेखी कळवावी’ एवढं वाक्य जोडून ठराव एकमताने संमत झाला. घड्याळात बघितलं: सहा मिनिटं. आठ वर्षं, हजारो मुलं.

ऑगस्टमध्ये नवी पुस्तकं आली. आता प्रत्येक मुलाला ती मिळतात, आणि त्यामागे मुलांनीच लढलेला एक खटला आहे. २००० साली कॅलिफोर्नियातल्या गरीब शाळांमधल्या मुलांनी, आम्हाला पुस्तकंच नाहीत म्हणून राज्यावर दावा लावला. २००४ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून शाळा सुरू झाल्यावर आठ आठवड्यांच्या आत प्रत्येक बोर्डाला जाहीर सुनावणी घेऊन सांगावं लागतं, की वर्गात वापरायला आणि घरी न्यायला प्रत्येक मुलाकडे पुस्तक आहे. त्या सुनावणीलाही मी या वर्षी गेले. श्रोत्यांत मी आणि एक वार्ताहर.

मुलाचं पुस्तक घरी आल्यावर आधी ते पान काढलं आणि मोजपट्टी लावली. वरची पट्टी नऊ सेंटिमीटर, खालचीही नऊ. समासातली ‘उत्तरे वेगवेगळी असू शकतात’ ही ओळ शिक्षकांच्या पुस्तकात अजून तशीच आहे, असं बाईंनी सांगितलं.

अमेरिकेतल्या मराठी पालकांना एवढंच सांगणं आहे: डिस्ट्रिक्टकडून असं पत्र आलं तर ते टाकून देऊ नका. महाराष्ट्रात तर कमिटीचीही वाट बघायला नको, बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उघडता येतात. पूर्ण पुस्तक वाचायला वेळ नसेल तर एक धडा वाचा, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या उदाहरणापर्यंत. आणि वाचताना हाताशी मोजपट्टी ठेवा.