उताऱ्याची सरासरी आणि चढउताराचा हिशेब

२०२०च्या खरिपात बीड जिल्ह्याचा पीक विमा उतरवायला एकही कंपनी पुढे येईना. निविदा निघाल्या, प्रतिसाद शून्य. अखेर भारतीय कृषी विमा कंपनीने जबाबदारी घेतली, ती ‘८०-११०’च्या अटीवर. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा बोजा राज्य सरकारचा. भरपाई थोडीच द्यावी लागली तर कंपनीने हप्त्यातले २० टक्क्यांपर्यंत ठेवून बाकीचे सरकारला परत करायचे. हाच पुढे ‘बीड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजला.

बीडचा उतारा कमी, म्हणून जोखीम मोठी, असे वरवर वाटते. पण विमा योजनेतले उंबरठा उत्पन्न त्याच भागाच्या मागल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांवरून ठरते. सरासरी कमी असली तर उंबरठाही खाली येतो. खरा घोर असतो चढउताराचा. महसूल मंडळाचे उत्पन्न उंबरठ्याखाली गेले की भरपाई द्यावी लागते. वर गेले तर कंपनीला कोणी काही परत करत नाही. म्हणजे सरासरी तीच राहिली आणि नुसता चढउतार वाढला, तरी भरपाई वाढते. हा चढउतार मोजण्याचे संख्याशास्त्रातले माप म्हणजे विचरण, आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन.

बीडमधल्याच अंबाजोगाई तालुक्यातले घाटनांदूर किंवा बर्दापूर मंडळ घ्या. सोयाबीन काढणीला आले की पीक कापणी प्रयोग होतात. यदृच्छ आकड्यांवरून गट नंबर निघतो, तसाच शेतातला कोपरा ठरतो, खुंट्या ठोकून दोरी ताणतात आणि आतले पीक कापून, मळून, तोलून घेतात. अशा दहा प्रयोगांतून हेक्टरी क्विंटलमध्ये हे आकडे आले असे समजू (आकडे केवळ समजुतीसाठी): ६, ९, १०, ११, १२, १२, १३, १४, १५, १८. सरासरी १२. प्रत्येक आकड्याचे १२पासूनचे अंतर काढून त्याचा वर्ग केला की बेरीज बरोबर १०० येते. तिला ९ने भागायचे, कारण दहा अंतरांची बेरीज शून्यच व्हावी लागते. नऊ कळली की दहावे आपोआप ठरते. विचरण आले ११.१, प्रमाण विचलन ३.३ क्विंटल.

पण हे झाले दहा तुकड्यांचे. अख्ख्या मंडळाचे काय? इथे विश्वास अंतराल लागते, म्हणजे खरे विचरण ज्या दोन टोकांच्या मध्ये असावे तो पट्टा. उतारे प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) वितरण पाळतात असे धरले, तर वर्गांची बेरीज भागिले मंडळाचे खरे विचरण ही राशी ‘काय-वर्ग’ नावाच्या ठरावीक वितरणाप्रमाणे वागते. नऊ स्वातंत्र्य मात्रांसाठी, म्हणजे वर भागायला घेतलेल्या ९साठी, ती १००पैकी ९५ वेळा २.७० आणि १९.०२ यांच्या दरम्यान असते. म्हणून १००ला आधी १९.०२ने आणि मग २.७०ने भागायचे. विचरणाचे अंतराल मिळाले ५.३ ते ३७. प्रमाण विचलन २.३ ते ६.१. दहा प्रयोगांची मेहनत घेऊनही एका टोकाच्या अडीचपटीहून मोठे दुसरे टोक! तोच ३.३चा आकडा चाळीस प्रयोगांतून आला असता, तर अंतराल २.७ ते ४.३ इतके आवळले असते. यातल्या ‘९५ टक्के’चा अर्थही नीट घ्यावा: तो या एका अंतरालाचा गुण नव्हे, पद्धतीचा आहे. ती शंभरदा वापरली तर साधारण पंचाण्णवदा खरे विचरण आत सापडते.

परिकल्पना चाचणी हा याच हिशेबाचा दुसरा चेहरा. कोणी म्हणाले, “या मंडळात प्रमाण विचलन २पेक्षा जास्त नाही.” म्हणजे विचरण फार तर ४. १०० भागिले ४ बरोबर २५. हा दावा खरा असता तर ही राशी १६.९च्या वर १००त पाचदाच, आणि २१.७च्या वर एकदाच जाते. २५ आले, तेव्हा दावा फेटाळायचा. दुसरा म्हणाला, “३पेक्षा जास्त नाही.” १०० भागिले ९ बरोबर ११.१, हा दावा फेटाळता येत नाही. मात्र फेटाळता आला नाही म्हणजे सिद्ध झाला असे कुणी समजू नये. पुरावा अपुरा, एवढाच त्याचा अर्थ.

विमा कंपनीला शेताशेतांतल्या फरकापेक्षा वर्षावर्षांतला फरक अधिक जाचतो, आणि तिथे आकडे आणखी थोडे. सात वर्षांच्या उत्पन्नांवरून प्रमाण विचलन ३ आले, तर खरे १.९ ते ६.६ यांत कुठेही असू शकते. तेही सातही वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र मानली तर. एवढ्या धूसर जोखमीवर नेमका हप्ता ठरवणे अवघडच.

काय-वर्गाच्या या सूत्राचे मूळ शेतीत नाही. भूमापनातल्या चुकांचा अभ्यास करणाऱ्या फ्रीडरिख हेल्मर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली ते वितरण मांडले. विश्वास अंतरालाची कल्पना संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३४च्या निबंधात पुढे आणली, आणि त्याच निबंधात आणखी एक गोष्ट सांगितली: समष्टीचे, म्हणजे मोजायच्या अख्ख्या समूहाचे, थर पाडले तर ज्या थरात चढउतार जास्त, तिथून जास्त नमुने घ्या. पण थरांचे विचरण आधी कुणाला ठाऊक असते? या अडचणीला हात घातला तो सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेलेल्या या तरुणाने १९३५च्या निबंधात छोट्या प्राथमिक नमुन्यातून काढलेले विचरण अशा वाटणीसाठी कितपत कामाचे, हे तपासले. ते बहुतेक वेळा फायद्याचेच ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी यदृच्छ कापणी प्रयोगांची पद्धत देशात रुजवली. १९५१पासून दोन दशके ते जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम पाहत होते.

अंबाजोगाईला थरांचे हे तत्त्व नेमके लागू पडते. बालाघाटच्या उतारावर हलकी, मुरमाड जमीन; मांजरेच्या खोऱ्यात भारी काळी. एका उघडिपीत हलक्या रानातले पीक माना टाकते आणि काळीतले तग धरते. झड लागली की काळीतले चिभडते. हे दोन थर वेगळे धरून, जिथे चढउतार अधिक तिथे प्रयोग वाढवले, तर तेवढ्याच खर्चात सरासरी जास्त पक्की मिळते.

एक धोका मात्र ओळखून असावे. सरासरीच्या चाचण्या आकड्यांचे वितरण थोडे वाकडे असले तरी निभावून नेतात. विचरणाची ही चाचणी नेत नाही. संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ साली हे ठासून दाखवले. एखाद-दुसरे शेत पार वाहून गेले आणि बाकीची नीट राहिली, असे जिथे वारंवार घडते, तिथे अंतराल फसवे अरुंद निघते, आणि नमुना मोठा केल्याने हा दोष जात नाही. दोन मंडळांच्या चढउताराची तुलना करायची असेल तर मध्यकापासूनची अंतरे घेणारी ब्राउन आणि फोर्साइथ यांची १९७४ची चाचणी अधिक भरवशाची. तरी कोणतीही चाचणी लावण्याआधी प्रयोगांचे आकडे एकाखाली एक लिहून डोळ्यांखालून घालावेत. मंडळाचा उतारा १२ आला असे कोणी सांगितले, तर शेतकऱ्याने ते दहाही आकडे मागावेत. ६ आणि १८ कुठल्या रानातले, हा प्रश्न त्यानंतरच विचारता येतो.